कोरी चौकट म्हणजे शून्य नव्हे

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणकाशी माझा संबंध निकालपत्रकं भरण्यापुरता. तरीही आज पाण्याच्या नोंदींबद्दल लिहितोय. या नोंदींना लागणारी शिस्त आम्हा शिक्षकांना हजेरीपटाने कधीच शिकवली आहे.

पुराचं, पावसाचं, भूजलाचं गणित मांडणाऱ्या संगणक-प्रणालींना दोन प्रकारच्या नोंदी लागतात. पहिली एका जागेची: एक विहीर, तारीख आणि आकडा. ही हजेरीपटातली एका मुलाची ओळ. दुसरी अख्ख्या परिसराची: नकाशावरच्या प्रत्येक चौकोनाला त्या दिवसाचा आकडा. हा रोज काढलेला वर्गाचा फोटो. भारतीय हवामान विभागाने १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकोनांत मांडला आहे. पाव अंश म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटर. एवढ्या चौकोनात साखरखेर्ड्यासारखी कितीतरी गावं एका आकड्यात बसतात. आणि आपल्याकडे तर पावसात बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं! म्हणून फोटोबरोबर ओळही हवी.

ओळीत काय लिहिलं जातं, यावर बरंच अवलंबून असतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर अतिवृष्टी धरतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते, मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडते आणि त्यावरून टंचाईचा अंदाज बांधते.

आता माझीच चूक सांगतो. मुलांना विहीर मोजायला लावली होती. एका गटाने दोरी कठड्यावरून सोडली, दुसऱ्याने जमिनीवरून. कठडा तीन फुटांचा. वहीत पाणी आठवड्यात तीन फूट खाली गेलं. विहिरीत ते होतं तिथेच होतं. सुट्टीतल्या कोऱ्या चौकटींत एका मुलाने नीटनेटकेपणा म्हणून शून्यं भरली. त्या हिशेबाने सुट्टीत पाणी जमिनीला टेकलं होतं! मुलाला काय बोलणार? मोजायचं कसं हे मी सांगितलं होतं, लिहायचं कसं हे सांगितलंच नव्हतं.

हजेरीपटात आपण रविवारी कुणाची गैरहजेरी मांडत नाही. पावसाच्या वहीतही ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘मोजलाच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी जलगणितासाठी ‘हेक-डीएसएस’ नावाची साठवण-पद्धत तयार केली. तिच्यात न मोजलेल्या जागी उणे ९०१ हा आकडा ठेवण्याचा प्रघात होता. इतका पाऊस कुठेच पडत नाही, त्यामुळे फसगत होत नाही. प्रत्येक नोंदमालेचं नावही सहा भागांचं: खोरं, ठिकाण, काय मोजलं, सुरुवातीची तारीख, किती काळाने मोजलं आणि शेवटी कोणती आवृत्ती. शेवटचा भाग मला सगळ्यात इमानदार वाटतो. आकडा दुरुस्त करा, पण मूळ आकडा पुसू नका. खाडाखोड केलेला हजेरीपट कोणता अधिकारी मान्य करतो?

कुणी म्हणेल, सरकारी यंत्रं आहेत, उपग्रह आहेत, गावाने वही कशाला ठेवायची? उपग्रहाला माझ्या शेजाऱ्याची विहीर दिसत नाही. निरीक्षण विहीर वर्षातून चारदा बोलते. ऑक्टोबरात गहू पेरावा की हरभऱ्यावर भागवावं, नवं बोअर पाडावं की थांबावं, हा फैसला मात्र शेतकऱ्याला त्या आठवड्यात करावा लागतो. वर्षानुवर्षांच्या नोंदी हाताशी नसतील, तर तो उसनवारीच्या पैशावर खेळलेला जुगार ठरतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपण पाणी अडवायला शिकलो, आता नोंदी टिकवायला शिकू. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने गावातल्या पाच-सहा विहिरी निवडाव्यात. कठड्यावर रंगाची एक खूण करावी आणि कायम तिथूनच मोजावं. तारीख, वेळ, एकक आणि मोजणाऱ्याचं नाव लिहावं. राहिलं तर ‘मोजलं नाही’ असं सरळ लिहावं; त्यात कमीपणा नाही. वहीची एक प्रत संगणकावर ठेवावी, म्हणजे गुरुजींची बदली झाली तरी नोंद गावातच राहील.

आकडे भरायला संगणक पुढे मिळेल. पण न मोजलेला मे महिना कोणतीही प्रणाली परत आणून देत नाही.