भाड्याची परंपरा

लग्नपत्रिकेच्या तळाशी हल्ली दोन शब्द छापलेले असतात : 'पोशाख – पारंपरिक'. मुंबई-पुण्याकडची ही तऱ्हा आता आमच्या वाशीमलाही आली आहे. संध्याकाळचा स्वागत-समारंभ, दिव्यांच्या माळा, दाराशी गुलाबपाणी, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याने 'पारंपरिक' दिसावे ही यजमानांची इच्छा. इच्छा वाईट नाही. पण 'पारंपरिक' म्हणजे कोणाची परंपरा, हे पत्रिकेत छापलेले नसते. माझे भांडण आहे ते नेमके तेथे.

आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. गेल्या हिवाळ्यात अशीच एक पत्रिका माझ्या हाती पडली आणि मी, चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकविलेला मास्तर, बाजारात जाऊन एका संध्याकाळपुरता पोशाख भाड्याने घेऊन आलो. दुकानदार त्याला 'पेशवाई' म्हणत होता. चकाकणारा कृत्रिम धाग्याचा अंगरखा, विजारीसारखे पाय घालून चढवायचे शिवलेले धोतर, आणि आतून पुठ्ठा लावून पक्का केलेला फेटा. तो बांधायचा नाही. टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा. माझे वडील आरशाशिवाय फेटा बांधीत. बोलता बोलता हात फिरत असे आणि पीळ बसत असे. त्यांच्या मुलाने पुठ्ठ्याचा फेटा भाड्याने आणला, तोही परत करताना डाग पडला तर दंड, या अटीवर!

शिवाय हे सोंग तरी आमचे होते काय? वऱ्हाडाने शतकभर भोसले आणि निजाम यांचा दुहेरी अंमल सोसला. पेशव्यांचा दरबार येथून शेकडो मैल दूर. परंपराच उकरायची तर हे गाव वाकाटकांचे वत्सगुल्म. मग थेट दीड हजार वर्षे मागे का जात नाही? कारंजा-मंगरूळचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवितो. त्या जिल्ह्यातला माणूस समारंभाला जाताना अंगावर कापसाचा एक धागा नसलेले कपडे चढवितो आणि त्याला परंपरा म्हणतो!

पण हे हसण्यावारी नेता आले असते. त्या रात्री कार्यालयाच्या दाराशी जे घडले ते येत नाही.

माझ्या पुढे एक वृद्ध बंजारा बाई उभ्या होत्या. फेटिया, काचळी, डोक्यावरून ओढलेली ओढणी. आरसे आणि कवड्या जुन्या झाल्या तरी टाके शाबूत. हातात तीच पत्रिका, जी माझ्या हातात होती. दारावरच्या पोराने पत्रिकेकडे पाहिले नाही, पोशाखाकडे पाहिले आणि सांगितले, "मावशी, कामावरच्या बायांचा दरवाजा मांगून हाये." आत, व्यासपीठावर, त्याच क्षणी आठ मुली भाड्याच्या फेटिया-काचळीत सिनेमाच्या गाण्यावर नाचत होत्या आणि मंडळी टाळ्या पिटीत होती.

मी काय केले? काही क्षण काहीच नाही. पुठ्ठ्याचा फेटा सावरीत उभा राहिलो. मग कसाबसा म्हणालो, "अरे, त्यांना बोलावले आहे." पोरगा ओशाळला, बाजूला झाला. बाईंनी मला ओळखले. त्यांच्या नातवाला मी शिकविले होते. माझ्या अंगावरून एकदा नजर फिरवून त्या अगदी सरळपणे म्हणाल्या, "गुरुजी, हे माह्या लग्नातलं हाये. तुमचं कधीचं?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

स्वतःचा पोशाख दुसऱ्याच्या अंगावर शोभा आणि आपल्या अंगावर कलंक, हा अनुभव जगात नवा नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील लोकांचे उदाहरण घ्या. त्यांचा चौकटीचा किल्ट आज जगातल्या भारदस्त पोशाखांत गणला जातो. त्याला आठ वार कापड लागते. आमच्या आजीच्या लुगड्याला नऊ! चुण्या मागे, पुढचा भाग सपाट. दिवसाच्या समारंभाला साधा कोट, रात्रीच्या मेजवानीला रुपेरी गुंड्यांचा आखूड काळा कोट, मोज्यात खोवलेली लहानशी सुरी, कमरेपुढे लोंबणारी कातडी पिशवी. कोणत्या वेळी काय, याचे नियम तेथील माणूस आपल्याकडच्या सोवळ्याइतक्या कटाक्षाने पाळतो.

पण याच पोशाखावर एके काळी तुरुंग होता. बंडाचा मोड झाल्यावर १७४६ साली इंग्रज सरकारने कायदा केला : सैन्यातला शिपाई सोडून कोणी डोंगरी पोशाख घातला तर पहिल्या खेपेस सहा महिने कैद, दुसऱ्या खेपेस सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. १७८२मध्ये तो कायदा रद्द झाला. पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. सुमारे १७० वर्षांनी गादीवरचा राजा स्कॉटलंडात येत होता. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याने त्या स्वागताचा थाट मांडला. सखल भागातले गुळगुळीत शहरी गृहस्थही डोंगरी पोशाख चढवून मिरवले. आणि स्थूल राजाने स्वतः किल्टखाली मांसाच्या रंगाची तंग विजार घातली. त्याच काळात सदरलंडच्या डोंगरांतून, मेंढ्यांना चरायला रान हवे म्हणून, हजारो माणसांना घरांतून हुसकावून लावले जात होते. पोशाख राजाच्या मेजवानीत पोचला. ज्यांचा तो होता ते रस्त्यावर आले.

आपल्याकडचे साम्य डोळ्यांत बोट घालणारे आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून सारा देश पालथा घालणारे बंजारे. आगगाडी आणि सडका आल्या, त्यांचा धंदा बुडाला. आणि ज्या सरकारने तो बुडविला त्यानेच १८७१च्या कायद्याने भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास आरंभ केला. तो कायदा १९५२ साली गेला. पण महाराष्ट्रात बंजारा समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. आमच्याच मानोरा तालुक्यात, पोहरादेवीला, ऑक्टोबर २०२४मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चांगले झाले. परंतु काचेआडच्या फेटियाला नमस्कार आणि दाराशी आलेल्या फेटियाला मागचा दरवाजा, हा न्याय कोणत्या संस्कृतीचा?

कोणी म्हणेल, मुली हौसेने नाचल्या, तुम्ही कशाला चिडता? मी हौसेवर चिडलो नाही. ज्या हौसेला पोशाख हवा आणि पोशाखातले माणूस नको, तिच्यावर चिडलो आहे. दुसरे म्हणतील, भाड्याने का होईना, परंपरा टिकते ना! परंपरा अशी टिकत नाही. फेटा टिकतो तो बांधणाऱ्या हातात, पुठ्ठ्यात नव्हे. टाका टिकतो तो टाका घालणाऱ्या बाईला दाम आणि मान मिळाला तर. तिसरे म्हणतील, आता धोतर नेसता कोणाला येते? मग नेसू नका! धुतलेला, इस्त्री केलेला साधा सदरा घाला. त्यात लाज काय आहे?

समारंभाला काय घालावे याचा धडा या महाराष्ट्राला केव्हाच मिळालेला आहे. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरि रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटला मेजवानी दिली. हा ड्यूक म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुलगा. त्याच राणीने बालमोरलच्या वाड्यात स्कॉटलंडचे चौकटीचे कापड पडद्या-गालिच्यांपर्यंत नेले होते. पाहुणे हिऱ्यामोत्यांनी लखलखत आले. जोतीराव फुले आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. आणि त्यांनी ड्यूकला सांगितले की या नटलेल्या मंडळींवरून राणीच्या प्रजेची पारख करू नका, खरा देश खेड्यांत आहे. त्या रात्री प्रसंगाला शोभणारा पोशाख एकाच माणसाच्या अंगावर होता, असे मी म्हणतो. त्याने तो वेष ज्यांचा घेतला, त्यांच्या वतीने तो बोलला. वेष घेणाऱ्यावर एवढे ऋण असतेच.

म्हणून यजमानांना माझी विनंती : पत्रिकेवर 'पारंपरिक' छापण्याआधी दारावरच्या पोराला माणसे ओळखायला शिकवा. आणि पाहुण्यांना, अर्थात आधी मला स्वतःला, सांगणे असे : जे तुमचे आहे त्यातले चांगले घाला. दुसऱ्याचे घालावेसे वाटले तर जरूर घाला, पण ज्याचे आहे त्याला आधी पंक्तीत आपल्या शेजारी बसवा.

तो फेटा मी दुसऱ्या दिवशी परत केला. डाग पडला नव्हता, म्हणून दुकानदाराने दंड घेतला नाही. वडिलांचा जुना फेटा ट्रंकेतून काढला आहे. अजून पीळ नीट बसत नाही, हात शिकत आहेत. पुढच्या समारंभाला तो वाकडा बसला तरी चालेल. निदान कोणी विचारले, "तुमचं कधीचं?" तर सांगता येईल.