झबलं वर करून बघा

बाळ बघायला येणारी माणसं नेमकं काय बघतात, याची मला फार गंमत वाटते. नाक कुणावर गेलंय, जावळ किती आहे, कानाच्या पाळ्यांवरून पुढे रंग कसा निघेल. वजन तर अख्ख्या घराला तोंडपाठ असतं. बाळ श्वास कसा घेतंय, हे मात्र कुणी बघत नाही. आणि बघायचं म्हटलं तरी दिसणार कसं? अंगात झबलं, त्यावर स्वेटर, डोक्याला टोपडं, वरून दुपट्यात करकचून बांधलेलं गाठोडं. त्या गाठोड्यातून बाहेर असतं ते फक्त नाक, आणि त्यावर एखादी मावशी तेलाचा थेंब सोडायला टपलेली असते.

तालुक्याच्या गावी ३२ वर्षं मुलांचा दवाखाना चालवल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्या घरात लहान मूल आहे, तिथल्या एका तरी माणसाला त्याचे श्वास मोजता आले पाहिजेत. थर्मामीटर नंतर. न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बाळाला ताप येतोच असं नाही. कधीकधी ते उलट गार पडतं. श्वास मात्र लपत नाही.

मोजायला विद्या लागत नाही. बाळ शांत असावं, झोपेत असेल तर उत्तम. रडताना किंवा दूध पिताना मोजू नये. झबलं वर करायचं, सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोर धरायचं आणि पोट बघत राहायचं. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पुरं एक मिनिट. पाव मिनिट मोजून चारने गुणण्याची हुशारी इथे कामाची नाही, कारण नवजात बाळाचा श्वास मुळातच बेताल असतो. चार-सहा भरभर घेईल, मग पाच-सात सेकंद गप्प. आईच्या काळजात धस्स होतं, पण हे नेहमीचंच. थांबणं वीस सेकंदांवर गेलं किंवा ओठ निळे पडले, तर मात्र ती धावपळीचीच वेळ.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजावेत. पुन्हा तेवढेच आले, की दवाखाना गाठावा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत हा आकडा ५० आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळाने दूध सोडलं असेल किंवा ते कण्हत असेल, तर मोजत बसू नये, निघावं. हे कण्हणं फार बोलकं असतं. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे मिटू नयेत म्हणून बाळ बाहेर जाणारी हवा गळ्याशी अडवून धरतं, त्याचा तो आवाज. पेटीत ठेवलेल्या बाळाच्या नाकाला नळ्या लावून, त्याचं दुसरं टोक पाण्यात बुडवून आम्ही डॉक्टर जे साधतो, तेच ते एवढंसं पोर स्वतःच्या ताकदीवर करत असतं. ती ताकद फार वेळ पुरत नाही.

हे खेड्यापाड्यातल्या बायांना जमेल का, असं विचारणाऱ्यांना गडचिरोलीने केव्हाच उत्तर दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ च्या सुमारास तिथल्या गावांत न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या-औषध द्यायला गावातल्याच माणसांना शिकवलं. त्यांत निरक्षर दायाही होत्या. साठापर्यंत मोजता न येणाऱ्या दाईसाठी एक साधं यंत्र केलं गेलं : एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे छापून आले. जिथे हे काम झालं नव्हतं, त्या गावांत हजारी १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. जिथे झालं, तिथे ८९.

हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला आणि आमच्या बिरादरीची थोडी लाजही वाटली. दाई पूर्ण एक मिनिट मोजते. गर्दीच्या दवाखान्यात एका मुलाच्या वाट्याला मिनिटं तीन, त्यातलं एक मोजण्यात घालवायला किती डॉक्टर तयार असतात? छातीला नळी लावली की आईलाही बरं वाटतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटात २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे ६५ चटके दिल्याची बातमी आली, तेव्हा शहरी घरांत केवढी हळहळ झाली! त्यातल्या कित्येक घरांत त्याच सकाळी न्हाऊ घातलेल्या बाळाला धुरी दिली गेली असेल. ओवा, वेखंड, शेपा, निखाऱ्यावर ऊद, दारं-खिडक्या बंद. ‘आमची मुलं धुरीवरच वाढली की,’ असं आजी म्हणतात. वाढली ती सांगायला आहेत. गेलेली साक्षीला येत नाहीत. शिवाय आजींची धुरी कौलारू घरातली, धूर फटींतून निघून जायचा. दहा बाय दहाच्या खोलीत, काचा सरकवून बंद केल्यावर तो जाणार कुठे? बाळाच्या श्वासनळ्या मुळातच अरुंद. तेलमालीश राहू द्या, मला त्यात आनंदच आहे. धुरी, डासांची कॉइल, पावडरचे ढग आणि गॅलरीत उभं राहून ‘बाहेरच ओढतो’ म्हणणारे बाबा, यांतलं काहीही मला नको आहे.

आणखी एक शहरी खूळ, मुहूर्ताचं सिझेरियन. पोटात असताना बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात; कळा सुरू झाल्या की तो द्रव शोषला जाऊ लागतो. वैद्यकीय कारण नसताना, कळांची वाट न बघता, ३९ आठवडे भरण्याआधी चांगला ग्रह साधला, तर धापा टाकणारं बाळ पेटीत जाण्याची शक्यता वाढते. बहुतेक दोन-तीन दिवसांत सावरतात. सगळीच नाही.

न्यूमोकोकलची लस पूर्वी खासगी दवाखान्यातच मिळे आणि खिशाला परवडत नसे. २०२१ पासून ती देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे; दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा. गडचिरोलीत सुरू झालेली घरी जाऊन बाळ तपासण्याची पद्धतही २०११ पासून सरकारी झाली आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. दारात उभं करून ‘सगळं ठीक आहे’ म्हणत तिला परत पाठवणारी घरं मला माहीत आहेत. तिला आत घ्या, पाणी विचारा, आणि ती घड्याळ काढेपर्यंत त्या गाठोड्याच्या गाठी सोडून ठेवा.