बंदूक शिकायची आहे? आधी नियम ३ वाचू

२८ मे २०२५ रोजी आसामच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. धुबरी, बारपेटा, मोरीगाव, नगाव, गोलपाडा, दक्षिण सालमारा-मानकाचर अशा जिल्ह्यांतल्या 'मूळ रहिवासी' नागरिकांना स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने सढळ हाताने द्यायचे. ऑगस्टमध्ये त्यासाठी ऑनलाइन अर्जही सुरू झाले. हे मुस्लिमबहुल जिल्हे आहेत आणि बंदूक कोणाच्या भीतीने द्यायची, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मात्र ही बातमी वेगळ्याच प्रश्नासह फिरली : त्यांना मिळते, तर वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या आपल्या माणसाला का नाही?

त्याच सुमारास वस्तीतल्या अभ्यासिकेत एका १९ वर्षांच्या मुलाने मला थेट विचारले, "ताई, कायदा-बियदा ठीक आहे. पिस्तूल चालवायला कुठे शिकवतात, तेवढं सांगा." त्याच्या मामाच्या गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून मारामारी झाली होती. त्याला हसून उडवून लावणे सोपे होते. मला ते जमले नाही, कारण त्याच्या मागणीला कायद्याचा आधार आहे.

ॲट्रॉसिटी कायद्याखालचे नियम १९९५ साली आले. त्यातला नियम ३ अत्याचार होण्याआधी सरकारने काय करायचे ते सांगतो. अत्याचारप्रवण भाग ओळखायचे, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी तिथे जाऊन पाहणी करायची. त्यानंतरचा क्रम नीट पाहा. तिसरे कलम म्हणते, गरज असेल तर त्या भागातल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करा आणि त्यांची हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्या. चौथे म्हणते, बेकायदा हत्यारे जप्त करा. आणि मग पाचव्यात येते, गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी परवाने द्या. आपल्या निवेदनांत पाचवे कलम हमखास असते. तिसरे आणि चौथे मी क्वचितच पाहिले आहे. गावात निवडणुकीला आणि लग्नाला ज्यांच्या बंदुका बाहेर निघतात, त्यांची नावे लिहून देण्याचे धाडस लागते, हे त्याचे एक कारण असावे.

परवाना मागायचाच असेल, तर वाट कशी आहे तेही सांगते. वय किमान २१ हवे, म्हणजे आमचा हा मुलगा तिथेच अडतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा शहरात पोलीस आयुक्तांकडे जातो आणि अहवाल मागवला जातो तो जवळच्या पोलीस ठाण्याकडून. म्हणजे ज्या ठाण्यात आपली फिर्याद घ्यायला रात्र उजाडते, तेच ठाणे 'या माणसाला धोका आहे का' हे ठरवणार. त्यातच ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली की दुसऱ्या दिवशी समोरून दरोड्याची किंवा विनयभंगाची उलट फिर्याद पडते, हे खेड्यात काम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. ती उलट फिर्याद परवान्याच्या अर्जातही आडवी येते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १४ नुसार, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही आणि नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात. भूमिहीन माणसाला 'तुझ्याकडे राखायला आहे काय?' असे कोणी कार्यालयात विचारले, तर हे कलम दाखवा.

आता शिकण्याचे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याच्या अर्जदाराला सुरक्षा-प्रशिक्षण बंधनकारक केले आहे. त्यात हत्यार हाताळणे, नेम धरणे, साफसफाई, साठवण, ने-आण आणि कायदा हे सगळे येते. नवख्या माणसाने प्रशिक्षण निवडताना पहिल्या दिवशी काय शिकवतात ते पाहावे. पहिल्याच तासाला हातात पिस्तूल देऊन मोबाइलवर व्हिडिओ काढू देणारा शिक्षक असेल, तर परत फिरावे. चांगला शिक्षक आधी चार गोष्टी रुजवतो. प्रत्येक हत्यार भरलेलेच आहे असे समजायचे. ज्यावर झाडायचे नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम ठरेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचे नाही. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय गोळी सोडायची नाही.

ही चौथी गोष्ट मी आमच्या वस्तीत उभी राहून विचार करते, तेव्हा अंगावर काटा येतो. दहा बाय बाराची खोली, मध्ये पत्र्याची भिंत, पलीकडे शेजारणीचा पाळणा. पत्रा गोळी अडवत नाही. कुलपाचे कपाट कुठे ठेवणार, चावी कोणाकडे, घरात दारू पिणारा कोणी आहे का, नापास झालेली मुलगी आहे का? घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांनी वारंवार दाखवले आहे. बाहेरच्या हल्लेखोरासाठी आणलेले हत्यार घरातल्याच माणसावर चालण्याची शक्यता कुठलाही प्रशिक्षक नाकारणार नाही.

प्रशिक्षणाचा दुसरा अर्धा भाग कायद्याचा आहे आणि तो कंटाळवाणा म्हणून लोक गाळतात. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात. पण पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्क नाही आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. गोळी झाडल्यावर हे कोर्टात मांडावे लागते, वकील आणि वर्षे खर्चून. आणि गावठी कट्टा? विनापरवाना हत्याराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. कट्टा घेऊन रील काढणारी पोरे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच अपलोड करतात.

बंदुकीने कधीच काही वाचत नाही, असे मी म्हणणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये राजौरीच्या धांगरीत दहशतवाद्यांनी घरांवर गोळीबार केला, तेव्हा एका गावकऱ्याने ग्रामरक्षणासाठी मिळालेली जुनी रायफल चालवली आणि हल्लेखोर पळाले, अशा बातम्या होत्या. पण तिथे त्या रायफलीमागे सरकार उभे होते. नंतर केंद्रीय राखीव पोलीस दलाने गावकऱ्यांना प्रशिक्षणही दिले. आपल्याकडे उलटे चित्र दिसते. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या हिंसाचारानंतर पोलीस आपल्याच वस्त्यांत शिरले आणि अटक झालेल्या एका तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या रात्री वस्तीत एक जरी परवान्याची बंदूक सापडली असती, तर दुसऱ्या दिवशीचे मथळे काय असते?

खैरलांजीचे उदाहरण हमखास दिले जाते. २९ सप्टेंबर २००६ ला ज्यांनी हल्ला केला, त्यातले आरोपी त्याच दिवशी जामिनावर सुटून आले होते आणि त्या कुटुंबाने त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती. साक्षीदाराला संरक्षण देणे हे तेव्हाही सरकारचे काम होते. आता तर २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५अ मध्ये ते स्पष्ट लिहिले आहे. बंदुकीची मागणी करताना ही जबाबदारी आपण सरकारच्या खांद्यावरून उतरवून आपल्याच पोरांच्या खांद्यावर घेतो, अशी मला भीती वाटते.

धम्माचे काय, असे एका उपासिकेने विचारले. पहिले शील आपण रोज घेतो आणि शस्त्रांचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितला आहे. पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसेला त्यांनी आंधळा नियम केले नाही. गरज खरी आहे का, हे तपासण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोडले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला सभेहून परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. जमलेल्यांत सैन्यातून निवृत्त झालेले महार होते. त्यांना हत्यार शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, खटला लढवला आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली.

त्या मुलाला मी नेमबाजी शीक असेच सांगितले. पण दहा मीटर एअर रायफलपासून, रायफल क्लबमध्ये, खेळ म्हणून. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांनी जगात नाव केलेला हा खेळ आपल्या पोरांनी का सोडावा? त्याची बहीण अकरावीला जाणार आहे, तिला एनसीसीत नाव घालायला सांगितले. तिथे .२२ रायफल हातात येते, शिस्तीत आणि फुकट. त्याच्यापुरते सध्या एवढेच ठरले आहे की मामाच्या गावातल्या परवानाधारकांची यादी माहितीच्या अधिकारात मागायची आणि नियम ३ च्या तिसऱ्या कलमाखालचे निवेदन जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीच्या पुढच्या बैठकीआधी द्यायचे. ही बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी, असे नियम १७ सांगतो. शेवटची कधी झाली, हाही प्रश्न त्याच अर्जात घातला आहे. तोवर मामाच्या घरी भिंतीवर १४५६६ हा अत्याचारविरोधी हेल्पलाइनचा नंबर खडूने लिहिला आहे.