सात मिनिटांचा धडा

2020 च्या टाळेबंदीत सहावीच्या मुलांना मी चाळीस-चाळीस मिनिटांचे व्हिडिओ पाठवत होते. मोबाइल पुस्तकांच्या ढिगावर, फळा भिंतीला टेकवलेला. एका विद्यार्थिनीचे कुटुंब लालबागच्या चाळीत एका खोलीत राहते. तिन्ही भावंडांत फोन एकच. ती म्हणाली, "टीचर, तुमचा धडा उघडला की भाईजानचा डाटा संपतो."

तरीही व्हिडिओ सगळ्यांनी पाहिल्याचे दिसत होते. मी खूश! शाळा उघडल्यावर वह्या हाती आल्या. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला, तोही निम्म्या वर्गाने. समोर असते तर पहिल्याच दिवशी चूक पकडली असती.

आपल्याच मुंबईत, पवईच्या आयआयटीत, प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभारला. त्यातून संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत मिळतात. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. आधी तो शब्दन् शब्द लिहून काढतात आणि विषय न येणाऱ्या माणसाला वाचायला देतात. तो जिथे अडेल तिथे दुरुस्ती, रेकॉर्डिंग त्यानंतर. शिकणाऱ्याने धडा थांबवत थांबवत स्वतः करून पाहायचे. धडा उतरवून घेतला की इंटरनेटही लागत नाही.

मात्र संगणकावर चुकले तर संगणकच सांगतो. वही काही बोलत नाही.

म्हणून आता माझा धडा सात मिनिटांचा असतो. पाचवीतली भाची तो आधी ऐकते, ती "म्हणजे काय?" म्हणाली की मी पुन्हा लिहायला बसते. (एक धडा तिने चार वेळा परत पाठवला. उस्तादाची उस्ताद!) शेवटी एकच गणित, उत्तर वहीत, वहीचा फोटो. दहा मुलांमागे दहावीची एक मुलगी फोटो तपासते. चुकलेले तेवढे माझ्याकडे येतात. धडा चाळीस मुलांना पाठवा नाहीतर चारशेंना, मेहनत तीच. तपासणाऱ्या मुली मात्र वाढवाव्या लागतात, आणि त्यांना शिकवायला माझा शनिवार जातो.

घरी एखाद्या ॲपचा माणूस वर्षाची फी मागायला आला, तर व्हिडिओ किती आहेत हे विचारू नका. आमच्या मुलाची वही कोण पाहणार, एवढेच विचारा. परळच्या एका पालकांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "मॅनेजरला विचारून फोन करतो." अजून फोन आलेला नाही.