दुनळी स्वस्त, भानगड महाग



भात-नागली खळ्यावर आली की तितर, लावऱ्या उतरतात. त्याच दिवसांत जुन्या बंदुका विकणारे दलालही पाड्यांवर फिरायला लागतात. यंदा पोरांच्या तोंडी एकच विषय आहे: बारा बोअरची जुनी दुनळी, दोन बोकडांच्या पैशात. दलाल म्हणतो, कागदाचं मागाहून बघू. काही पाड्यांवर चौघा-पाचांनी मिळून वर्गणीही काढलीय. म्हणून आम्ही स्पष्टच लिहितो: ही बंदूक घेऊ नका.

रानातलं पाखरू खाणं आम्ही पाप मानत नाय. गोफण, गलोल, फासा आपल्या बापजाद्यांच्या हातात होता, तरी रानात पाखरं होती. दुनळीनं हौसेची शिकार केली साहेबांनी आणि राजेरजवाड्यांनी. जंगल तोडलं ठेकेदारांनी. आणि 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर चोर ठरलो आपण. हा राग आमच्याही पोटात आहे. पण रागाच्या भरात दलालाचा खिसा भरून काय मिळणार?

आता कायदा काय म्हणतो ते बघा. 1959 च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे. "माझी नाय, दुसऱ्यानं ठेवायला दिली" हे चालत नाय. शिक्षा दोन ते पाच वर्षं. जुनी बंदूक कायद्यानं विकता येते, पण विकणाऱ्याकडे परवाना पाहिजे, घेणाऱ्याकडेही आधी परवाना पाहिजे. विकणाऱ्यानं कलेक्टरला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि मग निदान 45 दिवस थांबायचं. रात्री गोणपाटात गुंडाळून आणलेल्या बंदुकीला यातलं काहीच नसतं.

समजा परवाना मिळालाही, तरी पाखरू मारता येत नाय. 1991 च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवानेच बंद झाले. तितर, लावरी, रानकोंबडा, सगळे कायद्यात आहेत. बंदुकीनं मारा नायतर फाशानं धरा, कायद्यात ती शिकारच. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोर मारला तर कमीत कमी तीन वर्षं. आपल्या 2006 च्या वनहक्क कायद्यातही परंपरेचे बाकी हक्क दिले, शिकारीचा हक्क मात्र कलम 3 मध्ये नाव घेऊन वगळला. हे आपल्याला पटो न पटो, लिहिलंय तसंच.

आणि ती बंदूक तरी कसली मिळते? स्वस्तातल्या दुनळीची नळी आतून गंजून खड्डे पडलेली असते. मोडायच्या जागी सांधा ढिला झालेला असतो. फार जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी बनवलेल्या. त्यात आजचं जोरदार काडतूस घातलं तर नळी फुटते, आणि ती फुटते डाव्या हाताशी, डोळ्यांसमोर. काडतुसंही परवान्यावरच मिळतात. म्हणजे ती पुन्हा त्याच दलालाकडून, तो सांगेल त्या भावानं. दोन बोकड गेले, मग तिसरा, मग सावकार.

आमची मोठी भीती पुढं आहे. 2008 पासून आपण दावे भरतोय. अजून किती दावे तालुक्याला पडून आहेत. उपविभागीय समितीत आणि जिल्हा समितीत वनखात्याचा अधिकारी बसतो. जिल्हा समितीचा अध्यक्ष कलेक्टर, आणि बंदुकीचा परवाना देणाराही तोच. कोणी म्हणेल, शिकारीची केस झाली की दावा रद्द होतो. हे खोटं आहे, कायद्यात तसं कुठंही लिहिलेलं नाय. असं धमकावणाऱ्याला "लेखी द्या" म्हणा. पण ज्या घरचा कर्ता माणूस कोर्टाच्या तारखांना फिरतो, त्या घरचं कोण मोजणीला उभं राहणार? जबाब कोण देणार? आणि एका घरात दुनळी सापडली की सगळ्या पाड्याची झडती होते. "हे लोक जंगल राखतील काय?" असं विचारायला त्यांना आयतं कारण मिळतं.

उलट कलम 5 नं जंगल आणि त्यातले जीव राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. तो अधिकार आपण वापरला तर उद्या बाहेरून जीपमधून येणाऱ्या शिकाऱ्याला आपणच अडवू. हायवेच्या ढाब्यावर तितर पोचवायला आपल्या पोरांना बंदूक देणाऱ्यालाही.

रानडुकरं पीक खातात, हे दुखणं खरं आहे. त्याच्या भरपाईचा अर्ज वनखात्याकडे करा, पोच घ्या. राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागायची सोयही शस्त्र कायद्यात आहे. पण तो पिकाच्या राखणीचा, शिकारीचा नव्हे.

आमचं म्हणणं एवढंच: येत्या ग्रामसभेत हा विषय उघड मांडा. वर्गणी जमली असेल तर ती ज्याची त्याला परत द्या, नायतर सगळ्यांच्या मर्जीनं दाव्यांच्या झेरॉक्सला आणि तालुक्याच्या गाडीभाड्याला लावा. बायांनाही बोलू द्या. बोकड त्यांनी पाळलेत, आणि नवरा आत गेला तर शेत त्याच ओढणार आहेत.