घडी उन्हात वाळू द्या!
वस्तीतल्या बैठकीत एका मुलीने मला विचारले, "ताई, गरम पाण्यात धुऊनही रक्ताचा डाग का जात नाही?" अगं, गरम पाण्यानेच तो पक्का बसतो! उष्णतेने रक्तातली प्रथिने धाग्याला चिकटतात. डाग ताजा असतानाच थंड पाण्यात भिजवायचा, मग साबण लावायचा. एवढेही तिला घरात कोणी सांगितले नव्हते. साबणाच्या जाहिरातींत चहा, लोणचे, चिखल मिरवतात. पाळीचे रक्त मी तरी कधी पाहिले नाही. भावाचा मळका शर्ट अंगणात वाळतो, हिची पाळीची घडी मात्र परकराखाली दडवून, अंधारात, ओलसरच. पुढे खाज सुटली की 'स्वच्छता ठेवत नाही' म्हणून बोलणीही हिलाच! मैत्रिणींनो, उद्यापासून घडी भावाच्या शर्टाशेजारी, त्याच दोरीवर, भर उन्हात वाळत घाला.