हंड्याचा वांटा आणि तेलाचा वांटा

शेत नांगरतांना मोहरांचा हंडा लागला तर तो कोणाचा, ही गोष्ट आमच्या मानपाड्याच्या पारावर पुष्कळदां निघते. कायद्याचें उत्तर सरळ आहे. पुरलेल्या धनाचा मूळ धनी न सांपडल्यास सन १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानें शोधणाराला तीन हिस्से व जमीनमालकाला एक हिस्सा मिळतो. दोघांत निराळा करार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ज्याच्या भुईंत धन निघालें त्याची आठवण कायद्याला राहिली.

मग तेलाचें काय? सन १९७४ च्या फेब्रुवारींत ‘सागर सम्राट’ जहाजानें मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरवर, समुद्राच्या पोटांत तेल शोधलें. तेंच बॉम्बे हाय. सन १९७६ पासून तें निघतें व नळांनीं उरणास येतें. तेथील फलाटांभोंवतीं ५०० मीटरच्या आंत कोळ्याच्या होडीस मज्जाव आहे. घटनेच्या कलम २९७ नें समुद्राखालची संपत्ति केंद्राची ठरविली, म्हणून तिचें स्वामित्वधन दिल्लीस जातें. आसाम व गुजराथ यांना जमिनीवरील विहिरींचें स्वामित्वधन मिळतें. महाराष्ट्राला बॉम्बे हायचें एक पैहि नाहीं. तेल शोधणारी संस्था सरकारी होती, तेव्हां पैसा सावकाराच्या घरांत गेला असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें वांट्याविषयीं आहे.

बक्षिसाचें सरकारला वावडें आहे असेंहि नाहीं. सन २०१६ च्या धोरणानें खोल समुद्रांत तेल काढणाराला पहिलीं सात वर्षें स्वामित्वधन माफ केलें. जोखीम मोठी, हें कबूल. पण आमच्या कुणब्याची विहीर कोरडी निघाली म्हणजे त्याला सात वर्षें कोण माफ करतो?

अमेरिकेंतील अलास्का प्रांतांत तेल लागलें, तेव्हां सन १९७६ मध्यें रयतेचें मत घेतलें. स्वामित्वधनाचा निदान चौथा हिस्सा कायम ठेवींत घालावा, असें मतदारांनीं ठरविलें. सन १९८२ पासून त्या ठेवीच्या उत्पन्नांतून तेथील रहिवाशांना माणशीं रोख वांटा मिळूं लागला. तान्ह्या पोराच्या नांवेंहि! आमच्या उरणांत काय झालें? नव्या मुंबईसाठीं घेतलेल्या जमिनींचा रास्त मोबदला मागतांना जानेवारी १९८४ मध्यें, दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं चाललेल्या लढ्यांत, गोळीबारानें पांच जण पडले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्यानंतर आला. ती गोष्ट जमिनीची होती. तेलाविषयीं तर आम्हांस कोणी विचारलेंहि नाहीं.

मानपाड्याच्या बांधवांनो, समुद्र दूर आहे म्हणून गप्प बसूं नका. तुमचे सोयरे उरणास आहेत. घटना बदला असें आम्ही म्हणत नाहीं. स्वामित्वधन केंद्राचेंच राहूं द्या, पण त्यांतून किनाऱ्यावरील गांवांच्या शाळा, जाळीं व धक्के यांसाठीं ठराविक अनुदान यावें. उरण, अलिबाग, वसईच्या ग्रामसभांनीं हा प्रश्न मतास टाकावा, बायकांचेहि हात मोजावेत, आणि मोजणीची प्रत आपापल्या खासदाराकडे रवाना करावी.